गाडा कोण ओढतो? : ‘मोमेंटम’ या शब्दाविषयी

गेल्या सत्रात एकाच आठवड्यात ‘मोमेंटम’ हा शब्द मी दोनदा ऐकला. दोन्ही वेळा बोलणाऱ्याच्या स्वरात एक प्रकारची शरणागती होती आणि दोन्ही वेळा, मराठीचा प्राध्यापक असूनही, मला त्यावर काही बोलता आले नाही. त्या वेळी न सुचलेल्या उत्तराची ही उशिराची भरपाई समजावी.

पहिल्यांदा तो शब्द उच्चारला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थ्याने. मुलगा चांगला वाचणारा. पण काही दिवसांपासून तासाला शेवटच्या बाकावर बसून मोबाइलमध्ये डोके घालून असे. तास संपल्यावर हटकले, तेव्हा त्याने मोबाइलच माझ्यापुढे धरला. हिरव्या-तांबड्या उभ्या रेघांची एक चढती रांग दिसली. “सर, मोमेंटम आहे. आता थांबणं म्हणजे वेडेपणा,” तो म्हणाला. वसतिगृहाचे शुल्क आणि लॅपटॉप यांसाठी वडिलांनी दिलेले अठ्ठेचाळीस हजार रुपये ऑप्शनच्या व्यवहारांत संपले, हे मला पुढे दोन आठवड्यांनी कळले.

दुसऱ्यांदा हा शब्द आला तो प्राध्यापकांच्या बैठकीत. पदव्युत्तर मराठीचा वर्ग पुढील वर्षी चालू ठेवावा की नाही, असा विषय होता. यंदा वर्गात अकरा विद्यार्थी आहेत. चर्चा थोडी रेंगाळल्यावर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “मराठीचा मोमेंटमच गेलाय. त्याला आता कोण काय करणार?” सर्वांनी माना डोलावल्या. खरे सांगायचे तर मीही डोलावली.

एका ठिकाणी वर जाणाऱ्या भावाला आणि दुसऱ्या ठिकाणी खाली येणाऱ्या पटसंख्येला एकच शब्द लागू पडला. दोन्हीकडे त्याने एकच काम केले : पुढचा प्रश्न बंद केला. जो शब्द इतक्या सहजपणे प्रश्न बंद करतो, त्याची चौकशी करणे हे भाषेच्या शिक्षकाचे कर्तव्यच ठरते.

*

हा शब्द मुळात लॅटिन. ‘हलणे’ या अर्थाच्या धातूपासून तो आला आणि त्याचा एक जुना अर्थ ‘तराजूचे पारडे झुकवणारे लहानसे वजन’ असा होता. इंग्रजीतील ‘मोमेंट’ म्हणजे क्षण, हाही त्याच कुळातला. पारडे ज्या कणाने झुकते तो कण आणि घटना ज्या बिंदूवर वळते तो क्षण, असे हे नाते आहे.

पदार्थविज्ञानाने त्याला काटेकोर अर्थ दिला. आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांत त्याचे मराठी नाव ‘संवेग’ असे आहे आणि व्याख्या एका ओळीची : वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार. उसाने भरलेली दोन टनांची बैलगाडी सेकंदाला एक मीटर या गतीने चालली आहे असे समजा. तिचा संवेग दोन हजार एकक. शेजारून एक सायकलस्वार सेकंदाला पाच मीटर या गतीने पुढे निघून गेला. सायकलसह त्याचे वजन ऐंशी किलो. त्याचा संवेग चारशे. सायकल पाचपट जलद, पण संवेग गाडीचा पाचपट. डोळ्यांना जे जलद दिसते त्यात संवेग अधिक असतोच असे नाही, हा या व्याख्येतला पहिला धडा.

दुसरा धडा दिशेचा. सतराव्या शतकात देकार्तने ‘गतीची राशी’ ही कल्पना मांडली, पण ती मोजताना दिशा जमेस धरली नाही. परिणामी दोन वस्तूंच्या टकरीविषयीचे त्याचे बहुतेक नियम चुकले. ख्रिस्तियान हॉयगेन्ससारख्यांनी दिशेचा हिशेब घातला तेव्हा गणित जुळले. न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’च्या आरंभी दुसरीच व्याख्या या गतीच्या राशीची दिली. आज आपण ‘वेग’ हा शब्द पारिभाषिक अर्थाने वापरतो तेव्हा त्यात दिशा गृहीत असते. दिशा नसलेली ती नुसती ‘चाल’.

तिसरा धडा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. संवेग आपणहून वाढत नाही, आपणहून कमीही होत नाही. तो बदलला म्हणजे कुठेतरी बल लागलेले असते. सपाट रस्त्यावर ढकलून सोडलेली गाडी काही अंतरावर थांबते, तेव्हा ‘तिचा जोर संपला’ असे आपण म्हणतो. पण जोर आपोआप संपत नाही, रस्त्याचे घर्षण तो खात असते. आणि जो संवेग एकाने गमावला तो दुसऱ्या कोणाला तरी मिळालेला असतो. होडीतून काठावर उडी मारणारा पुढे जातो, होडी मागे सरकते. पाठ्यपुस्तकात याला संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत म्हणतात.

म्हणजे पदार्थविज्ञानात ‘संवेग’ हा शब्द उच्चारताच चार प्रश्न विचारता येतात आणि विचारावेच लागतात. वस्तुमान किती? दिशा कोणती? बदल झाला असेल तर बल कोणाचे? एकाचा गेला तर तो कोणाकडे गेला? शब्द अर्थगर्भ आहे तो या प्रश्नांमुळे. हेच चार प्रश्न हाती घेऊन बाजारात जाऊ.

*

योगायोग असा की संवेगाची व्याख्या करणारा न्यूटन स्वतः बाजारात गेला होता. १७२० साली लंडनमध्ये साउथ सी कंपनीच्या समभागांची धूम चालली होती. जानेवारीत सुमारे १२८ पौंडांना मिळणारा समभाग उन्हाळ्यात हजार पौंडांच्या घरात पोहोचला. टांकसाळीचा प्रमुख असलेल्या न्यूटनने वसंतात आपले समभाग विकून चांगला नफा कमावला होता. भाव चढतच राहिले आणि तो चढ्या भावाने पुन्हा आत शिरला. वर्ष संपण्यापूर्वी भाव दोनशेच्या खाली कोसळले. न्यूटनने वीस हजार पौंड गमावले, असे त्याच्या भाचीच्या सांगण्यावरून नोंदले गेले आहे. ग्रहांच्या गतीचे नियम सांगणाऱ्याला बाजाराची गती का कळली नाही, असे आपण गमतीने विचारतो. पण उत्तर त्याच्या बुद्धीत शोधण्याचे कारण नाही. भावाला वस्तुमान नसते. ग्रहाला आपल्याकडे कोण पाहत आहे याची खबर नसते; भाव मात्र पाहणाऱ्यांनीच बनलेला असतो.

अर्थशास्त्रात ‘मोमेंटम’ या शब्दाला आता रीतसर पारिभाषिक अर्थ आहे. १९९३ साली नरसिंहन जगदीश आणि शेरिडन टिटमन यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९६५ ते १९८९ या काळातील अमेरिकी समभाग घेऊन त्यांनी दाखवले की, गेल्या सहा महिन्यांत जे समभाग सर्वाधिक वाढले ते घेतले, जे सर्वाधिक पडले ते विकले आणि ही स्थिती पुढील सहा महिने ठेवली, तर वर्षाला सरासरी बारा टक्क्यांच्या आसपास अधिक परतावा मिळाला असता. ही बातमी मोठी होती, कारण भावाचा इतिहास भविष्याविषयी काही सांगत नाही असे मानणाऱ्या विचाराला तिने छेद दिला. मात्र त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, जी सोयीस्करपणे विसरली जाते : हा लाभ पुढील दोन वर्षांत अर्ध्याहून अधिक विरून जातो. त्याआधी १९८५ साली वर्नर डी बाँट आणि रिचर्ड थेलर यांनी तीन ते पाच वर्षांच्या अवधीत नेमके उलटे चित्र दाखवले होते; मागे पडलेले पुढे येतात, पुढे गेलेले मागे पडतात. आणि २००९ साली, मंदीच्या तळातून अमेरिकी बाजार उसळला तेव्हा सर्वांत पडलेले समभागच सर्वांत जोरात वर आले आणि ‘मोमेंटम’वर विसंबलेल्यांचे मोठे नुकसान झाले.

थोडक्यात, अर्थशास्त्रातील मोमेंटम ही शेकडो समभागांच्या आणि कित्येक महिन्यांच्या सरासरीत दिसणारी एक प्रवृत्ती आहे. तिचे कारण काय यावर अजून एकमत नाही. काही म्हणतात, बातमी हळूहळू पसरते आणि लोक उशिरा जागे होतात. काही म्हणतात, चढता भाव पाहून माणसे धावतात आणि त्यांच्या धावण्यानेच तो आणखी चढतो. काहींच्या मते हा जास्तीच्या जोखमीचा मोबदला आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये मात्र हाच शब्द एका समभागाच्या पुढल्या अर्ध्या तासाविषयी ग्वाही देत होता. पदार्थविज्ञानातून अर्थशास्त्रात येताना शब्दाने वस्तुमान गमावले होते. अर्थशास्त्रातून मोबाइलवर येताना सरासरी, अवधी आणि शंका हे तिन्ही गमावले.

आपल्या पिढीला याचे घरचे उदाहरण आठवत असेल. १५ जानेवारी १९९२ रोजी मुंबईचा सेन्सेक्स दोन हजारांवर गेला, २९ फेब्रुवारीला तीन हजारांवर आणि ३० मार्चला चार हजारांवर. त्या वेळी ‘मोमेंटम’ हा शब्द आमच्या गावात कोणाला ठाऊक नव्हता. लोक ‘बाजार पेटलाय’ असे म्हणत. एप्रिलच्या अखेरीस रोखे घोटाळा उघडकीला आला आणि वर्षभरात निर्देशांक अर्ध्याहूनही खाली आला. तेव्हा कळले की तो वेग बाजाराच्या अंगचा नव्हता. बँकांचा पैसा मागच्या दाराने येत होता आणि गाडा ढकलत होता. बल होते, ते फक्त दिसत नव्हते.

आता चौथा प्रश्न, गेलेला पैसा कोणाकडे गेला? सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत समभागांच्या फ्युचर्स-ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. तोट्याची एकूण रक्कम १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. २०२३-२४ मध्ये या व्यापाऱ्यांतले ४३ टक्के तिशीच्या आतले होते. त्याच एका वर्षात, व्यवहारखर्च धरण्यापूर्वी, स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या दलाली संस्थांनी सुमारे तेहतीस हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे अठ्ठावीस हजार कोटी रुपये कमावले. वैयक्तिक व्यापाऱ्यांनी व इतरांनी एकसष्ट हजार कोटींहून अधिक गमावले. बेरीज करून पाहावी. बाजारात पदार्थविज्ञानाचा एखादा नियम खरोखर दिसत असेल तर तो अक्षय्यतेचा, आणि तो शब्द तेथे कोणी उच्चारत नाही.

*

दैनंदिन बोलण्यात ‘मोमेंटम’ आणखी सैल होतो. क्रिकेटच्या समालोचनात तो षटकागणिक एका संघाकडून दुसऱ्याकडे जातो. निवडणुकीच्या बातम्यांत त्याची जागा ‘हवा’ किंवा ‘लाट’ घेते. खेळातील मोमेंटम खरा असतो का, हा प्रश्नही साधा नाही. १९८५ साली गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की यांनी बास्केटबॉलच्या नोंदी तपासून, लागोपाठ यश मिळाल्याने पुढच्या यशाची शक्यता वाढते हा समज भ्रम असल्याचे सांगितले. २०१८ साली मिलर आणि सांहुर्हो या दोघांनी त्या गणितातच एक सूक्ष्म चूक असल्याचे दाखवले आणि वाद पुन्हा उघडला. तज्ज्ञांना तीन दशके जे ठरवता आले नाही ते आपण चहाच्या टपरीवर एका शब्दात ठरवून टाकतो.

मराठीत या अनुभवासाठी शब्द नाहीत असे मुळीच नाही. ‘ओघ’ आहे, ‘रेटा’ आहे, ‘झपाटा’ आहे, ‘लय’ आहे, ‘लाट’ आहे. हे समानार्थी शब्द मानून विद्यार्थी निबंधात वापरतात. ते तसे नाहीत. ‘रेटा’ म्हटले की रेटणारे लोक डोळ्यांपुढे येतात. रेटा निनावी असू शकतो, पण निर्मनुष्य नसतो. ‘ओघ’ म्हटले की उतार आलाच. ओघात माणूस बोलून जातो आणि नंतर पस्तावतो. ‘लाट’ शब्दातच तिचे ओसरणे आहे. ‘झपाट्याने’ काम करणारा आणि भुताने ‘झपाटलेला’ हे दोघे भाषेने शेजारी बसवले आहेत, ते उगाच नव्हे. कामाचा धडाका लावून चार दिवसांत गळून जाणाऱ्याला आपण ‘आरंभशूर’ म्हणतो. बल आणि सातत्य यांतला फरक या एका शब्दात आला.

आणि मग गाडा आहे. चालत्या गाड्याला खीळ घालणे, या प्रयोगात खीळ घालणारा हात गृहीत आहे. गाडा आपोआप थांबला असे तो म्हणू देत नाही. ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण तर बाजारासाठीच घडली असावी असे वाटते. वंगणाचा बांबूचा नळा गाडीला टांगलेला असतो. गाडा यात्रेला गेला की नळ्यालाही यात्रा घडते. चढत्या बाजारात प्रत्येक नळ्याला आपण गाडा आहोत असे वाटू लागते. बैल कोणाचे, कासरा कोणाच्या हाती, हे त्याला दिसत नाही, कारण तो गाडीखाली लोंबकळत असतो.

जुने मराठी शब्द चांगले आणि परके वाईट, असा भाबडा दावा मला करायचा नाही. ‘मोमेंटम’ शब्द त्याच्या स्वतःच्या घरात अत्यंत प्रामाणिक आहे, हे वर पाहिलेच. तक्रार इतकीच की आपण शब्द उसना घेतला आणि त्याचे चार प्रश्न सीमेवरच ठेवून आलो; शिवाय आपल्याकडच्या शब्दांत जो कर्ता शिल्लक होता त्यालाही रजा दिली. उरले ते कर्त्यावाचून चालणारे क्रियापद.

*

येथे आपल्या परंपरेतील एका विचाराकडे वळावेसे वाटते. त्यात न्यूटन आधीच होता असे सिद्ध करण्याचा उद्योग मला करायचा नाही, तो नव्हता. पण एक भेद तेथे फार नेमका केलेला आहे.

वैशेषिकांपुढे प्रश्न होता बाणाचा. धनुष्यापासून सुटेपर्यंत प्रत्यंचा त्याला ढकलते. सुटल्यावर कोण ढकलते? त्यांचे उत्तर असे : पहिली गती ढकलण्यामुळे, पुढची प्रत्येक गती, आधीच्या गतीने बाणात निर्माण केलेल्या ‘संस्कारा’मुळे, तो संस्कार संपला की जडपणामुळे पतन. न्यूटनच्या मते गती टिकण्यासाठी बाणात असे काही साठावे लागत नाही, त्यामुळे दोन्ही सिद्धांत वेगळे आहेत. परंतु लक्ष वेधून घेतो तो शब्द. संस्कार! प्रशस्तपादाने या संस्काराचे तीन प्रकार सांगितले. पहिला ‘वेग’, जो हलणाऱ्या वस्तूंत राहतो. दुसरा ‘भावना’, जी आत्म्यात राहते आणि स्मरणाला कारण होते. तिसरा ‘स्थितिस्थापक’, वाकवलेली फांदी सोडताच पूर्ववत होते तो. बाणाचे पुढे जाणे आणि माणसाचे आठवणे यांना एका छत्राखाली आणूनही त्यांच्या खोल्या वेगळ्या ठेवल्या.

सांख्यकारिकेत कुंभाराच्या चाकाचा दृष्टांत येतो. मडके उतरले, कुंभार उठून गेला, तरी चाक काही काळ फिरत राहते. ज्ञान झाल्यावरही शरीर तसेच संस्कारवशात टिकून राहते. दृष्टांत सुंदर आहे, पण तो शरीराचा आहे, निर्णयाचा नव्हे, हे ध्यानात घ्यावे. ज्याला ज्ञान झाले त्याचे शरीर फिरत राहते. तो स्वतः फिरत नाही.

हा भेद हाती आल्यावर वरचा सगळा गोंधळ मला उलगडल्यासारखा वाटला. बाजारातला, वर्गातला, निवडणुकीतला ‘मोमेंटम’ हा पहिल्या प्रकारचा संस्कार नाही. तो दुसऱ्या प्रकारचा आहे. तो वेग नाही, भावना आहे. कालचा चढता भाव आज आपणहून पुढे जात नाही. तो कोणाला तरी आठवतो, म्हणून तो आज पुन्हा विकत घेतो. संघ जिंकत राहतो तो आधीच्या विजयाच्या आठवणीने खेळाडूंची मने सैल होतात म्हणून, किंवा प्रतिस्पर्ध्याची आखडतात म्हणून. प्रत्येक क्षणी कोणीतरी नव्याने ढकलत असतो, आणि ढकलताना ‘गाडा आपोआपच चालला आहे’ असे म्हणत असतो. बाण आपला मार्ग सोडू शकत नाही. आठवणीने चालणारा माणूस मात्र तीच आठवण वेगळी वाचू शकतो. साहित्याच्या वर्गात आपण दुसरे काय शिकवतो?

*

राहिला ‘संवेग’ हा शब्द. पाठ्यपुस्तकाबाहेर मराठीत तो कोणी वापरत नाही, पण त्याला दुसरेही मोठे आयुष्य आहे. ‘विज्’ म्हणजे थरथरणे, या धातूपासून वेग, आवेग, उद्वेग आणि संवेग हे सारे शब्द झाले. भरताने सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी भावांत आवेग आहे आणि जडताही आहे. पदार्थविज्ञानाच्या मराठी परिभाषेत आवेग आणि जडत्व पुन्हा भेटतात. हिंदी मानसशास्त्रात संवेग म्हणजे भावना. योगसूत्रांत तीव्र संवेगाच्या साधकांचा उल्लेख आहे. भाष्यकारांपैकी कोणी त्याचा अर्थ वैराग्य असा करतात, कोणी साधनेतील त्वरा असा. जैन परंपरेत सम्यक्त्वाच्या लक्षणांत तो येतो. पाली वाङ्मयात तर तो कळीचा शब्द आहे. तेथे संवेग म्हणजे हादरा : चालत्या माणसाला जागच्या जागी थांबवणारा, आपण कोठे चाललो आहोत असे विचारायला लावणारा. आनंद कुमारस्वामींनी १९४३ साली याच शब्दावर निबंध लिहून कलाकृतीने बसणाऱ्या धक्क्याचा अर्थ त्यात दाखवला. एकाच शब्दाचा पाठ्यपुस्तकातला अर्थ पुढे नेणारा आणि पालीतला अर्थ थांबवून वळवणारा.

अंगुत्तरनिकायात चार घोड्यांचा दृष्टांत आहे. पहिला घोडा चाबकाची नुसती सावली पाहून संवेग पावतो. दुसरा केसांना स्पर्श झाल्यावर, तिसरा कातडीला लागल्यावर आणि चौथा हाडापर्यंत पोहोचल्यावर. माणसेही तशीच. एकजण दूरच्या गावी कोणी दुःखी आहे किंवा मेला असे नुसते ऐकून हलतो. दुसरा ते स्वतः पाहिल्यावर. तिसरा आप्तावर आल्यावर. चौथा स्वतःच्या देहावर आल्यावर. १९९२ साल ऐकून शहाणे होणारे पहिल्या घोड्याच्या जातीचे. आपण बहुतेक चौथे.

*

बैठकीत मान डोलावली तेव्हा मी ‘मराठीचा मोमेंटम गेला’ हे वाक्य पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यासारखे ऐकायला हवे होते. संवेग गेला म्हणजे बल लागले, कोणते? उत्तरे शोधायला फार लांब जावे लागले नाही. विभागातील चार पदांपैकी दोन निवृत्तीनंतर भरली गेली नाहीत. पदव्युत्तर तासांची वेळ बदलून सायंकाळची केली, आणि खेड्यांकडे जाणारी शेवटची एस.टी. त्याआधीच सुटते. प्रवेशाच्या माहितीपत्रकातून दोन वर्षे आमच्या वर्गाचे नाव गळले होते, आणि ते आम्हीही वेळेवर पाहिले नव्हते. समाजात भाषेविषयी जी मोठी उदासीनता आहे ती मी नाकारत नाही, घर्षण असतेच. पण घर्षणाच्या नावावर ब्रेक लपवता येत नाही. पुढच्या बैठकीसाठी मी एका पानाचे टिपण दिले आहे. त्यात ‘मोमेंटम’ हा शब्द नाही. तीन कारणे आणि तीन मागण्या आहेत. निर्णय काय होईल ते सांगता येत नाही. निदान तो कोणाचा तरी निर्णय असेल.

त्या विद्यार्थ्याचे शुल्क हप्त्यांनी भरण्याची सोय झाली. वडिलांना त्याने स्वतः सांगितले. त्या संभाषणाविषयी तो काही बोलला नाही आणि मीही विचारले नाही. सत्राच्या शेवटी मी त्याला प्रथम वर्षाच्या मुलांपुढे हे सारे सांगशील का असे विचारले. आधी नको म्हणाला. मग एका दुपारी आला आणि दहा मिनिटे बोलला. रकमेसकट, काही न लपवता. मुले शांत बसून ऐकत होती. त्यांतल्या किती जणांना चाबकाची सावली दिसली, हे मला ठाऊक नाही.